किटलीतलं पाणी

बाई पळताना दिसली की आमच्याकडे माणसं आधी थांबतात आणि मग विचारतात, "कोण गेलं?" रस्त्यानं पळणारी बाई म्हणजे कुठंतरी आग लागली आहे, जनावर सुटलं आहे, पोर विहिरीकडे गेलं आहे, नाहीतर माहेराहून वाईट निरोप आला आहे. दुसरं कारण कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नसतं. म्हणून पळायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या दिवसापासून मी हातात दुधाची किटली घेतली. किटली असली की बाई दुधाला चालली आहे, उशीर झाला म्हणून घाई करते आहे, एवढंच दिसतं. मग कुणी थांबत नाही आणि विचारत नाही. कुणी काही विचारलं की माझी जीभ जड होते, हे माझं लहानपणापासूनच आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. कर्जतकडच्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत चौथीच्या पुढं वर्गच नव्हता. वाचायची सवय मात्र राहिली. पुडीचा कागदसुद्धा मी वाचूनच टाकते. लिहायला लागले ते मालक गेल्यावर. संध्याकाळी बोलायला कुणी उरलं नाही म्हणून. तसं बोलणं मला आधीही जमत नव्हतं, पण घरात दुसरं माणूस असताना गप्प बसणं वेगळं आणि एकटीनं गप्प बसणं वेगळं.

मालक टेम्पो चालवायचे. केडगावला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, एक मुलगी आहे, ती लग्न करून कर्जतला दिली. मालकांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात त्यांचं डायलिसिस सुरू झालं. बुधवारी आणि रविवारी. चार वर्षं. एकदा मशीनवर घेतलं की चार तास आपलं माणूस आत आणि आपण बाहेर. बाहेर, वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी, एक लांब लाकडी बाकडं होतं. त्या बाकड्यावर खिडकीच्या बाजूची जागा माझी होती. शेजारी राहुरीकडची एक बाई बसायची. तिचे मालकही त्याच दिवशी, त्याच वेळेला आत असायचे. ती पहिल्या एसटीनं यायची, माझ्या आधी पोहोचायची आणि माझ्या जागेवर आपली पिशवी ठेवून द्यायची. मी दिसले की पिशवी उचलून मांडीवर घ्यायची. चार वर्षांत एकदाही मला उभं राहावं लागलं नाही.

ती बोलायची आणि मी ऐकायची. तिची गाय कशी लाथ मारते, जाऊ कशी साखरेचा डबा लपवते, उसाच्या तोडीला टोळी कशी वेळेवर येत नाही. एकदा मला म्हणाली, "तू काय बोलत न्हाईस म्हणून मला लई बरं वाटतं बघ. आमच्या घरी सगळ्यांनाच बोलायचं असतं. ऐकायला तेवढी मीच."

बाकड्यावर कुणी नवीन बाई आली की तिला सगळ्याजणी आधी हेच विचारायच्या, "तुमचं कोण हाय आत?" नवरा, मुलगा, सासरा, बाप. तिथं नाव, गाव, जात यांच्या आधी ते सांगायचं असायचं. ते सांगितलं की सरकून जागा मिळायची.

आणि त्या बाकड्याची एक रीत होती. कुणी ती घालून दिली नव्हती आणि कुणी कधी बोलूनही दाखवली नाही. जिचं माणूस गेलं ती पुन्हा वर येत नाही. उरलेली औषधं, गरम पाण्याची पिशवी, जास्तीची चादर हे सगळं ती खालीच सिस्टरांच्या हाती देते आणि तिथूनच परत जाते. कारण ती जिन्यात दिसली की बाकड्यावरच्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. जणू ती आपल्याबरोबर काहीतरी घेऊन वर आली आहे.

मालक एका गुरुवारी सकाळी घरीच गेले. मीही त्यांची चादर खालीच दिली. शेजारणीचा फोन एकदा आला. ती रडली, मी गप्प होते, शेवटी तिनं ठेवला. मी तिला उलट फोन केला नाही. माझं नाव फोनवर बघून तिच्या काळजाचा ठोका चुकेल असं वाटायचं. त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी आवरून, डबा भरून, कुलूप हातात घेऊन दारात उभी राहिले. मग आठवलं. कुलूप परत खुंटीला अडकवलं. माणूस गेलं त्याचं दुःख तर होतंच, पण ते बाकडंही गेलं होतं, आणि ते कुणाला सांगायचं हे मला कळत नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, दवाखान्यात जायचं चुकलं, सुटली बिचारी.

वर्ष होत आलं असेल. डायलिसिसच्या सिस्टरांचा फोन आला. "मावशी, दवाखान्यासाठी मॅरेथॉन आहे. पेशंटच्या नातेवाइकांनी पळायचं. एक कंपनी आहे, तुमच्यापैकी जी कुणी ठरल्या वेळेत पूर्ण करेल तिच्यामागं एका गरीब पेशंटचं एका महिन्याचं डायलिसिस ती कंपनी भरणार. तुमचं नाव घालू का?"

आमच्या चार वर्षांतले कितीतरी महिने असेच कुणीतरी भरले होते. कुणी ते आम्हाला कधी कळलं नाही. मी हो म्हणाले.

"तीन किलोमीटरची घालते. सोपी आहे. सगळ्या मावश्या मिळून चालायचं, हातात फलक घ्यायचे, घोषणा द्यायच्या. शेवटी स्टेजवर एकेकीनं दोन शब्द बोलायचे, बस."

दोन शब्द म्हटल्यावर मी लगेच विचारलं, "दुसरी नाही का?"

"दहाची आहे. एकवीसची पण आहे, पण तिला इथलं कोण असतंय? मोजकी माणसं. पहाटे अंधारात सुटतात, बघायलासुद्धा कुणी नसतं."

"मग तीच घाला."

सिस्टर खूप हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की मी हसत नाही. "अहो मावशी, एकवीस म्हणजे राहुरीची अर्धी वाट!"

"चालेल," मी म्हणाले. मला अंतर दिसतच नव्हतं. मला तो स्टेज दिसत होता.

मनाशी मात्र एक ठरवलं. वेळेत पूर्ण केलं तर वर बाकड्यावर जायचं. कुणाचा तरी एक महिना हातात घेऊन आलेली बाई वेगळी, आणि नुसतीच आलेली वेगळी. तेव्हा माझ्याकडे बघून कुणाच्या पोटात गोळा यायचं कारण राहणार नाही. माझी जागा कुणी घेतली असेल तर शेजारी उभी राहीन, पण वर जाईन.

थंडी पडायला लागली तेव्हा मी सुरुवात केली. बूट मालकांचे घातले. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं म्हणून घेतले होते, पण दवाखान्यात येतानाच काय ते घालायचे, फारसे चाललेच नाहीत. मला मोठे होत होते, म्हणून आत मोज्यांचे दोन जोड. अंगात मुलीचा जुना पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी, हातात किटली. बायपासच्या पलीकडे कांद्याच्या वावरांमधून एक कच्चा रस्ता पोल्ट्रीपर्यंत जातो, तो माझा रस्ता. उजाडताना जायचं, परत येऊन अंघोळ करून मेसवर जायचं. मी मेसमध्ये पोळ्या करते. एमआयडीसीतली पोरं जेवायला असतात. सकाळच्या पोळ्या, संध्याकाळच्या पोळ्या, मधे घरचं काम. पाय दुखले तरी ओट्यापाशी उभं राहावंच लागतं. पहिल्या आठवड्यात तर मी पिठाच्या डब्यावर एक गुडघा टेकवून पोळ्या लाटल्या.

एके दिवशी त्या रस्त्यावर एक शेतकरी कांद्याच्या गोण्या पिकअपमध्ये भरून निघाला होता. मी समोरून येताना दिसल्यावर तो ओरडलाच, "ओ बाई! तिथंच थांबा! रिकामं भांडं घिऊन आडवं जाऊ नगा. माल मार्केटला चाललाय माझा."

मी थांबले. पिकअप गेली. दुसऱ्या वेळेला तो बांधावर तोंड धूत होता. "रोज रिकामंच कसं वो तुमचं? गवळ्याची म्हस आटली का काय? भाव पडला ना, तर तुमच्या दारात यिऊन बसंन बघा."

आमच्या घरात शकुन-अपशकुन मानत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी तरुणपणीच घरातले देव नदीत सोडले आणि ती गोष्ट ते शेवटपर्यंत छाती पुढं काढून सांगायचे. मीही मानत नाही. पण तो मानत होता, आणि मी मानत नाही हे त्याला सांगायचं तर बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा किटली भरून घेणं सोपं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी निघतानाच तिच्यात पाणी भरलं, काठोकाठ, आणि झाकण घट्ट बसवलं.

त्यानं किटली हिंदकळताना ऐकली आणि खूश झाला. "आता कसं! भरलेलं भांडं बघून जिवाला बरं वाटतं." पुढं पुढं तर मार्केटच्या दिवशी तो पिकअप चालू करून माझी वाट बघत थांबायचा. मी गेल्याशिवाय निघायचा नाही. एकदा मागून ओरडला, "बाई, परवा लई चांगला भाव लागला बघा! रविवारची चुकवू नगा!" एवढ्या मोठ्या जगात माझी वाट बघणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि त्याला माझं नावही माहीत नव्हतं.

अशी मी पाणी घेऊन पळत राहिले. उजव्या हाताला सवय होती, उजव्याच हातात किटली. घरी येऊन ते पाणी तुळशीच्या जागी लावलेल्या कढीपत्त्याला ओतायचं. तो मात्र झक्क वाढला.

मग डावा गुडघा दुखायला लागला. बाहेरच्या अंगानं, सुईनं टोचल्यासारखा. आधी पळून झाल्यावर दुखायचा, मग पळताना, मग मेसचा जिना उतरतानासुद्धा. मोठ्या बुटांमुळं अंगठ्यांची नखं काळी पडली होती, पण त्यांचं काही वाटत नव्हतं. नखं येतात परत. गुडघ्याला मी निरगुडीचा पाला गरम करून बांधला, वरून पट्टी आवळली. मेसवाल्या काकींनी बघितलं.

"काय गं, पडलीस का?"

"व्हय."

"कुठं?"

"पायरीवरनं."

"तुझ्या घराला पायरी कुठाय?" काकी म्हणाल्या, आणि कणकेत पाणी ओतत राहिल्या.  त्या दिवशी त्यांनी मला बसून लाटायला पाट दिला.

मधेच मुलीचं पोर तापानं फणफणलं म्हणून आठवडाभर कर्जतला जावं लागलं. पळणं बंद. दिवसरात्र पोराजवळ. मी मोरीकडे जाताना मुलीनं बघितलं.

"आई, लंगडतेस का?"

"पोळ्या लाटून लाटून झालंय."

"पोळ्या हातानं लाटतात का पायानं?"

मला हसू आलं. सांगावंसं वाटलं होतं. पण ती म्हणाली असती, तुला या वयात हे काय सुचलं, आणि मग जावयांना सांगितलं असतं, त्यांनी त्यांच्या आईला. मी पोराच्या कपाळावरची घडी बदलली.

परत आल्यावर दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना गुडघा दाखवला. खालच्या मजल्यावर. वर बघितलं नाही. मॅडम वयानं लहान होत्या, हात गरम होता. त्यांनी पाय सगळीकडून वळवून बघितला. "एका बाजूला काही वजन उचलता का?"

"नाही," मी म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते. दगड, गोणी, सिलिंडर असलं काही मी उचलत नव्हते. पाण्याला मी वजन म्हणून धरलंच नव्हतं. जन्मभर पाणी वाहिलेल्या बाईला ते वजन वाटत नाही. मॅडमनी भिंतीला टेकून पाय उचलायचे प्रकार शिकवले, बर्फानं शेकायला सांगितलं आणि पळण्याला विश्रांती द्या म्हणाल्या. मी सगळं केलं. गुडघा थोडा निवला आणि पुन्हा पळायला लागले की पुन्हा तेच.

एका सकाळी पोल्ट्रीकडून परत येत होते. सूर्य पाठीमागे वर आला होता, त्यामुळं माझी सावली पुढं लांब पडली होती. तोवर मी कधी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. ती सावली वाकडी होती. टेकू काढल्यावर मांडवाचा खांब कलतो तशी डावीकडे कललेली. उजव्या बाजूला किटली लोंबत होती आणि तिला सावरायला सगळं अंग दुसरीकडे झुकलं होतं, आणि त्या सगळ्या अंगाचा भार डाव्या पायावर. मी थांबले. किटली खाली ठेवली. सावली सरळ झाली. किटली उचलली, सावली कलली. असं मी दोन-तीनदा केलं. मग रस्त्याच्या कडेला बसले आणि पाणी कांद्याच्या सरीत ओतून दिलं. तिथं मला रडू आलं. गुडघ्यासाठी नव्हे. इतके दिवस मी वाकडी पळत होते आणि हे मला सांगणारं कुणी नव्हतं. मालक असते तर पहिल्याच दिवशी दारातून ओरडले असते, ती किटली कशाला घेतलीस म्हणून.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातानं निघाले. हातांचं काय करायचं ते कळेना. उजवा हात तर मूठ सोडायलाच तयार नव्हता. बायपासच्या अलीकडेच एक मोटारसायकलवाला थांबला. मफलर गुंडाळलेला, वयस्कर.

"काय झालं ताई? कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"माझे मालक गेले. पण त्याला वर्ष झालं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "वर्ष झालं, आन् आत्ता पळताय?"

"हो."

"बसा, सोडतो. कुठं जायचंय?"

"कुठं नाही."

त्यानं गाडी हळूच पुढं घेतली. बऱ्याच लांब जाईपर्यंत तो वळून वळून बघत होता.

कांदेवाला पिकअप चालू करून उभाच होता. त्याचा चेहरा पडला. "भांडं कुठाय आज?"

"मी दुधाला जात नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "मी पळते."

"कुणाच्या मागं?"

"कुणाच्याच नाही."

"आन् आमचा कांदा?"

"कांद्याचं तुम्ही बघा," मी म्हणाले आणि पुढं गेले.  घरी आल्यावर मी दाराला कडी लावून बराच वेळ नुसती बसून होते. त्या दिवसानंतर तो माझ्यासाठी थांबला नाही. मी दिसले की नजर दुसरीकडे वळवायचा. त्याचंही मला वाईट वाटलं.

गुडघा सुधारत होता, पण हळू. आणि दिवस थोडे राहिले होते. एकवीस मी एकदाही पूर्ण पळू शकले नाही. त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, तेवढंच. बाकीचं त्या दिवशी होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तो रविवार होता. मैदान दवाखान्याच्या समोरच. अंधारात आम्ही मोजकीच माणसं उभी होतो. लांब पायांची पोरं, एक-दोन पोलीस भरतीवाल्या मुली, आणि मी. सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच, बघायला कुणी नव्हतं. मला ते फार आवडलं. शिट्टी झाली, सगळे पुढं निघून गेले आणि थोड्याच वेळात रस्त्यावर मी एकटी. थंडीत तोंडातून वाफ येत होती. उसाचे ट्रॅक्टर बाजूनं जात होते. अर्ध्यापर्यंत मी छान पळाले. हे मी खरं लिहिते आहे. हात मोकळे होते, अंग सरळ होतं, आणि वाटलं की आज वर जाणार.

वळून परत येताना पुलाचा उतार लागला आणि गुडघ्यात ती सुई आली. थोडं पळून बघितलं, थोडं चालून. मग नुसतंच चालणं. मागून गाडीचा आवाज यायला लागला. शेवटच्या माणसाच्या मागं रुग्णवाहिका ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. ती बैलगाडीच्या वेगानं येत होती. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"मावशी, बसा वर. तुमीच राहिलाय आता."

"नाही बसायचं."

"पाय बघा तुमचा कसा पडतोय. बसा, दोन मिनटात सोडतो. आपल्याला कोण बघतंय?"

"तुम्ही जा की पुढं."

"म्होरं जाता येत न्हाई ना! शेवटच्याच्या मागंच ऱ्हायाचं, तसं सांगितलंय. माझा चहा पन ऱ्हायलाय तुमच्यापायी."

मी बसले नाही. तो मागं मागं येत राहिला. त्याच्या मागून पोरं वाट दाखवायला रस्त्यावर ठेवलेले लाल त्रिकोण उचलून टेम्पोत टाकत येत होती. मी जिथून गेले तिथला रस्ता पुन्हा नेहमीसारखा होत होता. रुग्णवाहिकेचा तो घरघर आवाज माझ्या ओळखीचा होता. फरक एवढाच की तेव्हा मी आत बसलेली असायची, मालकांचा हात धरून.

मैदानात पोहोचले तेव्हा हवा भरलेली कमान खाली बसली होती. दोघंजण तिच्यावर लोळून उरलेली हवा काढत होते. घड्याळ उतरवून पेटीत ठेवलं होतं. सिस्टर तेवढ्या एकट्या थांबल्या होत्या.

"मावशी, वेळ संपली हो. मी म्हटलं कंपनीच्या साहेबांना, थोडं थांबा, आमची एक मावशी यायची आहे. पण ते गेले."

"मग ते महिन्याचं?"

"ते वेळेतल्यांचंच." त्यांनी माझा दंड धरला. "पण अंतर तर पूर्ण केलंत ना? हे घ्या." त्यांनी एक मेडल आणि एक केळं माझ्या हातात दिलं. पलीकडे तीन किलोमीटरवाल्या मावश्या टोप्या घालून पोहे खात होत्या. प्रत्येकीचा एक महिना झाला होता. मीही त्यांच्यात असते तर माझाही झाला असता. दोन शब्द बोलले असते तर.

केळं मी तिथं कुत्र्याशी खेळणाऱ्या एका पोराला दिलं, मेडल खिशात टाकलं. कट्ट्यावर बसून बूट काढले, पुन्हा घातले. घरी जायला रिक्षा समोरच उभ्या होत्या. दवाखान्याचं दार दुसऱ्या बाजूला होतं. वर जायचं कारण आता उरलं नव्हतं. आपण ठरवलं होतं तसं काहीच हातात नव्हतं. तरी मी त्या दाराकडे गेले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढं पळून आल्यावर पुन्हा त्या दोन खोल्यांत जाऊन दार लावायचं, हे मला झेपेना, एवढंच.

जिना एकेक पायरी चढले, दोन्ही पाय एका पायरीवर घेत. बाकडं तेच होतं. माणसं बरीचशी नवीन. माझी शेजारीण तिच्या जागेवर होती, आणि खिडकीच्या बाजूला तिची पिशवी. ती पिशवी कुणासाठी होती की नुसतीच ठेवली होती, कोण जाणे.

तिनं मला बघितलं.  ती उठली, वॉर्डाच्या दारापाशी गेली आणि काचेतून आत बघायला लागली. तशीच उभी राहिली. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. वाटलं, उतरावं. पण उतरताना गुडघा जास्त दुखतो.

मग ती परत आली. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस," ती म्हणाली.

मी बसले. "कसे आहेत?"

"हायेत. झोपल्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. पहिल्यांदाच असं झालं की ती गप्प होती आणि मीही. मग म्हणाली, "लंगडतेस का गं?"

"खाली पळायचं होतं. दवाखान्यासाठी. वेळेत नाही पोहोचले."

"तू? पळालीस?" तिनं माझ्या पायातल्या बुटांकडे बघितलं. ते तिनं ओळखले. "अगं बया." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. थोड्या वेळानं खालच्या आवाजात म्हणाली, "आलीस ते लई बरं केलंस. पन सारखी नको येऊस हां. माझ्या जिवाला घोर लागतो."

"नाही येणार," मी म्हणाले. ती खरं बोलली याचं मला बरं वाटलं.

"पानी हाय का तुझ्याकडं? माझी बाटली संपली कवाच."

माझ्याकडे थेंबही नव्हता. मी तिची बाटली घेतली आणि उठले. पलीकडे बसलेली एक नवीन बाई मघापासून माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलंच, "तुमचं कोण हाय आत?"

मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"ती माझ्यासंगं हाय," शेजारीण म्हणाली, आणि माझ्या जागेवर पिशवी ठेवली.

पाण्याचा कूलर खाली होता. येताना बाटली भरलेली होती. अर्ध्या जिन्यात मी थांबले आणि ती उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.